मदत हवी आहे: सिंगर २९के७१ मोची मशीन, टाका लहान पडतोय, सुटे भाग आणि जाणकार कारागीर पुण्यात कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

मी कसबा पेठेत राहते. चामड्याच्या पिशव्या, पाकिटं शिवते आणि लोकांच्या जुन्या बॅगा दुरुस्त करून देते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मोची काकांनी डोळ्यांच्या त्रासामुळे काम थांबवलं आणि त्यांचं सिंगरचं पायमशीन मला दिलं. एका कॅफेवाल्यांना ते स्टँडसकट हवं होतं, वर काच टाकून टेबल करायला. काकांनी दिलं नाही. ते पुन्हा कामाला लागावं अशी त्यांची इच्छा आहे आणि माझीही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

पाटी स्वच्छ वाचता येते: २९के७१. अनुक्रमांकाची दोन अक्षरं ‘ई’पासून सुरू होतात, म्हणजे १९३५ नंतर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यात बनलेलं. तो कारखाना १९८० मध्येच बंद झाला, त्यामुळे मूळ सुटे भाग आता कुणाच्या तरी जुन्या साठ्यात असतील तरच मिळणार. ज्यांनी हे मशीन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: याला खाली दातरी (कापड पुढे सरकवणारे दाते) नसते. वरचा प्रेशर फूटच चामड्याला पकडून पुढे ओढतो आणि तो सबंध गोल फिरवता येतो. काम न वळवता कुठल्याही दिशेला शिवता येतं. आर्म निमुळता असल्यामुळे बुटाच्या आत, बॅगेच्या कोपऱ्यात, जिथे सपाट मशीन शिरूच शकत नाही तिथे हे पोचतं. माझं निम्मं काम अशाच जागांचं आहे.

आता दुखणं. टाक्याची लांबी पूर्ण मोठी करूनही इंचात सात-आठ टाके पडतात. चांगल्या अवस्थेतलं मशीन साधारण पाच टाके देतं असं वाचलं. त्यातही सरळ शिवताना टाका जरा बरा येतो, फूट आडवा फिरवला की आणखी आखूड होतो. मधूनच टाका सुटतो, जाड जोडावर जास्त. शटल (बॉबिन धरून खालचा दोरा गुंफणारा भाग) बोटाने हलवलं तर चाक न हलता ते चांगलंच मागेपुढे होतं. दोरा वरून खाली ओढून घ्यायची आकड्याची तार नाही, बॉबिन भरायचं यंत्र नाही, आणि डोक्यावरचा एक स्क्रू कुणीतरी दुसराच ठोकून बसवला आहे.

सफाई मी केली आहे. काकांच्या आधी ज्यांच्याकडे मशीन होतं त्यांनी बहुधा वर्षानुवर्षं खोबरेल घातलं असावं. आतमध्ये सगळं तपकिरी, चिकट, लाखेसारखं घट्ट झालं होतं. हेअर ड्रायरने गरम करत, डिझेलने पुसत ते सुटलं. आता चाक एका बोटाने फिरतं. सोनेरी नक्षीला मात्र थिनर किंवा स्पिरिट लावलेलं नाही. नक्षीवर शेलॅकचा थर असतो आणि तो स्पिरिटने विरघळतो. नवा रंगही देणार नाही. काकांच्या हाताने जिथे झिजलं आहे तिथे झिजलेलंच राहू दे.

बाजारात विचारून झालं आहे. रविवार पेठ, बोहरी आळी इथे घरगुती मशीनचे भाग भरपूर आहेत, पण मोची मशीनचं नाव काढलं की ‘लुधियानाहून मागवावं लागेल, जुना नमुना द्या’ असं उत्तर येतं. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारते. घरगुती सिंगरची मुंडकी दिसतात, २९ क्लासचं एकही दिसलं नाही. एका दुकानदाराने ऑनलाइन मिळणाऱ्या हातचाकाच्या चिनी पॅचरचं (दुरुस्तीच्या मोची मशीनचं) शटल माझ्या हातात ठेवलं आणि ‘तेच आहे’ म्हणाला. ते ना मापात बसलं, ना आकारात. एका मेकॅनिकने मशीन न उघडताच ‘भंगारात द्या, नवीन घ्या’ असा सल्ला दिला. मला तो पटलेला नाही. जे बीड (ओतीव लोखंड) इतकी दशकं टिकलं त्याला दोन झिजलेल्या तुकड्यांपायी भंगारात घालणं चूकच आहे.

तर मला हे हवं आहे. टाका आखूड होण्याचं कारण डोक्यातला बेल क्रँक लिव्हर (फूटला हलवणारा वाकडा दांडा) झिजणं हे असतं, असं परदेशी लोकांच्या लिखाणात दिसतं. पुणे किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी तो भरून, घासून परत मापात आणून दिला आहे का? शटल आणि त्याला हलवणारे रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि चाक) यांचे चांगले भाग कुणी कुठून मागवले? आणि सुया. माझ्याकडे काकांच्या उरलेल्या थोड्याच आहेत, पाकीट केव्हाच हरवलेलं. विक्रेत्यांची नावं-नंबर इथे उघड नकोत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर बरं.

– – –

प्रतिसाद १ (भोसरीच्या टूलरूममधला निवृत्त फिटर)

ताई, मशीन न विकल्याबद्दल आधी काकांना माझा नमस्कार सांगा.

तुमचा अंदाज बरोबर वाटतो. फूट मागे ढकलण्याचं काम तो लिव्हर करतो. त्याची टेकणारी कड आणि समोरची कडी एकमेकांवर घासून घासून बसतात. तिथे अर्धा-एक मिलिमीटर गेला की लिव्हरच्या दुसऱ्या टोकाला टाका त्याच्या कितीतरी पट आखूड होतो. दिशा बदलल्यावर फरक पडतो, कारण कडी सगळीकडून सारखी झिजलेली नसते. शाई लावून डोकं एक पूर्ण फेरा फिरवा, कुठे टेकतं आणि कुठे नाही ते कडीवरच दिसेल.

भरायला देण्याआधी तुकडा बिडाचा आहे की पोलादाचा ते बघून घ्या. नको असलेल्या कोपऱ्यावर ग्राइंडर हलका टेकवायचा. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस, पोलादाच्या लांब, फुटत जाणाऱ्या. पोलाद असेल तर टिग वेल्डिंगने भरून घ्या. बीड निघालं तर ब्रेझिंगच (पितळेने भरणं) बरं, वेल्डिंगने तडा जाण्याची भीती असते. ब्रेझिंग मऊ असल्यामुळे पुन्हा लवकर झिजेल, पण तुमच्या वापराला पुष्कळ वर्षं पुरेल. काम करणाऱ्याला एकच सांगायचं, ‘जास्त भर, घासू नकोस’. घासायचं काम तुम्ही घरी करा. बारीक कानस, दोन हात मारायचे, बसवायचं, कागदावर टाके पाडून मोजायचे, परत काढायचं. वेळ खाणारं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही. एकदम घासून गेलं तर पुन्हा भरावं लागेल, आणि जास्त ठेवलं तर फूट अडकेल.

तो ठोकलेला स्क्रू काढा आणि तिथे मेट्रिक टॅप (आटे पाडायचं हत्यार) चालवू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. सिंगरचे आटे वेगळेच असतात: ९/६४ इंचाला ४० आटे, ११/६४ ला ४०, १५/६४ ला २८ वगैरे. बोहरी आळीतला कुठलाच बोल्ट त्यात नीट बसणार नाही. भोक शाबूत असेल तर लेथवर तसाच स्क्रू पाडून मिळतो. एखाद्या मोडक्या घरगुती सिंगरमधूनही निघू शकतो, कारण सिंगरच्या बऱ्याच मशीनमध्ये आटे तेच आहेत. जुन्या बाजारातल्या त्या मुंडक्यांकडे या नजरेने बघा. पेचकसाचं पातं खाचेत पूर्ण भरेल असं घासून घ्या आणि स्क्रू अडला तर आधी सोल्डरिंग आयर्नने तापवा.

रॅक आणि पिनियनबद्दल: शटल पूर्ण गोल फिरत नाही, अर्धवट मागेपुढे होतं. म्हणजे पिनियनचे ठरावीक दातच कामाला येतात. ते झिजलेले आणि बाकीचे कोरे असतील. पिनियन थोडं फिरवून कोरे दात कामाला लावता येतात का, ते उघडल्यावर बघू. उघडण्याआधी प्रत्येक दाताची जागा टोच्याने खूण करून ठेवा. मी भोसरीतच आहे, तुमचा लिव्हर बघायला मला आवडेल. पैशांचा विषय काढू नका. व्यनि करते/करतो अशी औपचारिकताही नको, सरळ या.

– – –

प्रतिसाद २ (कोल्हापूर, चपलांचं घरचं काम)

आमच्याकडे दोन २९ क्लास चालू आहेत. सुयांचं मी सांगतो. टाका सुटण्याचं अर्धं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

या मशीनला २९×४ ही चामड्याची सुई लागते, टोक कापणारं. कॅनव्हास किंवा अस्तर शिवायचं असेल तर २९×३, गोल टोकाची. कापणाऱ्या टोकाने कापड शिवलं तर धागे तुटतात आणि शिवण काही दिवसांनी उसवते. दुकानात ‘औद्योगिक सुई’ म्हणून डीपी×१७ देतील, तिची लांबी वेगळी आहे, घेऊ नका. काकांची एक सुई नमुना म्हणून सोबत न्या आणि शेजारी धरून लांबी जुळवा. बसवताना सुई वर टेकेपर्यंत गेली पाहिजे. जरा खाली राहिली की शटलच्या टोकाला दोऱ्याचा फास सापडत नाही.

दोरा बाँडेड नायलॉन, ४० नंबर तिकीट (दोऱ्याच्या जाडीचा नंबर, जितका कमी तितका दोरा जाड), सुई १८ (म्हणजे ११०). जाड हवा असेल तर ३० तिकीट आणि २० ची सुई. २० तिकिटाचा दोरा लोक वापरतात, पण छोटी बॉबिन लगेच संपते आणि ताण सांभाळणं कठीण जातं. मी तरी टाळतो. ताण आधी शटलच्या पट्टीच्या स्क्रूने खालचा लावून घ्या, मग वरचा.

तार विकत शोधू नका. गिटारची पोलादी तार किंवा सायकलच्या ब्रेकच्या केबलचा एक धागा घ्या, टोकाला बारीक आकडा वळवा, कानशीने धार मोडा म्हणजे दोरा कापणार नाही.

शटलचं म्हणाल तर जुन्या सिंगरच्या भागांवर ‘सिमान्को’ आणि एक नंबर कोरलेला असतो. तो नंबर भिंगातून वाचा. दुकानदाराला मशीनचं नाव सांगू नका, नंबर सांगा. लुधियानाहून आलेले नक्कल भाग आम्ही लावले आहेत. एखादा सरळ बसतो, एखाद्याचं टोक घासून पॉलिश करावं लागतं, टोकाला खडबडीतपणा राहिला की दोरा चिरतो. म्हणून एक मागवू नका, तीन मागवा आणि त्यातला चांगला निवडा.

एक विनंती. पट्टे आणि खोगिराचं जाड काम याच्यावर करू नका. त्याला ४४१ जातीचं मशीन असतं, त्याची सुईही वेगळी, ७९४ ची. हे दुरुस्तीचं मशीन आहे, दोन-तीन थर मऊ चामड्याचं. जाड कामाने ते पुन्हा झिजेल आणि यावेळी दोष तुमचा असेल.

– – –

प्रतिसाद ३

माझं मत थोडं वेगळं. दुरुस्तीत महिने जातील, तोवर ग्राहक थांबणार नाहीत. रोजच्या कामाला एखादं चालू मशीन भाड्याने घ्या किंवा कुणाच्या कारखान्यात बसून शिवा. घाई नसली की माणूस कानस हळू चालवतो.

– – –

मूळ लेखिका

तिघांचेही मनापासून आभार.

आज भिंग घेऊन बसले. शटलवर सिमान्को आणि नंबर आहे, पुसट पण वाचता येण्याजोगा. फोटो दुसऱ्या प्रतिसादातल्या दादांना व्यनिने पाठवला आहे. काकांची सुई मी विकत आणलेल्या सुईपेक्षा लांबीला वेगळी निघाली. टाके सुटत होते ते बहुधा त्या विकतच्या सुईमुळेच. २९×४ ची पाकिटं मागवली आहेत.

शाईची चाचणीही केली. कडीवर एका बाजूला शाई पूर्ण पुसली गेली आणि समोरच्या बाजूला जशीच्या तशी राहिली. म्हणजे लिव्हरबरोबर कडीलाही काम आहे. फिटर काका, कडी भरून लेथवर गोल करून घ्यावी की नवीनच पाडून घ्यावी? नवीन पाडली तर कोणतं पोलाद सांगू आणि ती कडक करून घेऊ का? माझी भीती अशी की कडी लिव्हरपेक्षा कडक झाली तर पुढच्या वेळी लिव्हर खाल्ला जाईल, आणि दोघांत कडी पाडणं सोपं आहे.

तिसरा सल्लाही पटला. जाड जोडाची कामं ओळखीच्या एका कारखान्यात बसून करते आहे, तशी परवानगी मिळाली.

रविवारी सकाळी जुन्या बाजारातून एखादं मोडकं मुंडकं मिळतं का बघते, मग तिथून थेट भोसरीला येते. लिव्हर, कडी आणि तो ठोकलेला स्क्रू सोबत आणेन. फिटर काका, दुपारी तुम्ही घरी असाल ना?