डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्यांवर यापुढेही खर्च करावा का? (तिघांची चर्चा; प्रत्येकाची ओळख त्याच्या गावाने दिली आहे.)

वाशी : ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन अणुशक्तिचालित हल्लेखोर पाणबुड्यांना मंजुरी मिळाल्यापासून डिझेल पाणबुड्यांची गरज संपल्याचे बोलले जाते. मला ते मान्य नाही. अणुपाणबुडीत अणुभट्टीशी जोडलेली टर्बाइने आणि पंप यांचा आवाज काही प्रमाणात राहतोच, तर पाण्याखाली बॅटरीवर संथ चालणारी पाणबुडी जवळजवळ निःशब्द असते. मुंबई-गुजरातसमोरच्या उथळ समुद्रात, जिथून न्हावा-शेव्याची जहाजे ये-जा करतात, तिथे आपल्या नौदलाची साडेसदुसष्ट मीटर लांबीची डिझेल पाणबुडी 'कलवरी' सहज वावरू शकते. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' या डिझेल पाणबुडीने, पाणबुडीच्याच शोधात निघालेली आपली युद्धनौका 'खुकरी' बुडवली आणि १९४ अधिकारी व नौसैनिक गेले. हा धडा आपण फार महागात घेतला आहे.

ठाणे पूर्व : आपले उदाहरण खरे आहे, पण ते पन्नास वर्षांपूर्वीचे आहे. बॅटरी उतरली की पाणबुडीला पृष्ठभागाजवळ येऊन, स्नॉर्केलची नळी वर काढून डिझेल इंजिने चालवावीच लागतात, आणि त्या वेळी इंजिनांचा आवाज होतो व नळी गस्ती विमानाच्या रडारवर दिसू शकते. वेग वाढवला तर बॅटरी काही तासांतच संपते. मग हिंदी महासागरात दूरवर जाऊन ती करणार काय? शिवाय 'कलवरी' प्रकारच्या सहा पाणबुड्यांचा करार २००५ चा आणि सहावी पाणबुडी 'वागशीर' नौदलात आली जानेवारी २०२५ मध्ये. एवढा काळ लागणार असेल, तर तो पैसा अणुपाणबुड्यांकडेच वळवावा.

अंबरनाथ : स्नॉर्केलचा आक्षेप रास्त आहे, मात्र त्यावर उत्तर आहे. आमच्या गावातल्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेल्या, इंधन-घटावर (रासायनिक प्रक्रियेतून वीज देणाऱ्या फ्युएल सेलवर) आधारित, बाहेरच्या हवेशिवाय चालणाऱ्या यंत्रणेची जमिनीवरची चाचणी मार्च २०२१ मध्ये झाली. अशी यंत्रणा असलेली पाणबुडी वर न येता दोन-तीन आठवडे राहू शकते. वेग मात्र संथच राहतो, हे मान्य केले पाहिजे. जपानने वेगळी वाट धरली : २०२० मध्ये दाखल झालेल्या 'ओर्यू' या पाणबुडीत ही यंत्रणा न घेता लिथियम-आयन बॅटऱ्या बसवल्या.

वाशी : पाठलाग हे डिझेल पाणबुडीचे कामच नाही. शत्रूच्या बंदराबाहेर किंवा जहाजांच्या ठरलेल्या वाटेवर दबा धरून बसणे हे तिचे काम आहे, आणि ती तिथे आहे की नाही हेच ठाऊक नसल्यामुळे शत्रूला आपली बरीच जहाजे व विमाने शोधात गुंतवावी लागतात. विलंबाचे म्हणाल, तर माझगाव गोदीत बांधलेली 'शंकुल' १९९४ मध्ये दाखल झाली आणि तिथली पुढची पाणबुडी 'कलवरी' यायला २०१७ उजाडले. मधल्या काळात पाणबुडीच्या सांगाड्याचे जोडकाम जाणणारे हात पांगले, ते काम नव्याने शिकावे लागले. आता पुन्हा खंड पाडला तर तीच वेळ येईल.

ठाणे पूर्व : गोदीचा मुद्दा मी स्वीकारतो. मात्र पाकिस्तानने चीनकडून हवेशिवाय चालणाऱ्या यंत्रणेच्या आठ पाणबुड्या मागवल्या असताना, ती यंत्रणा नसलेली एकही नवी पाणबुडी आपण बांधू नये.