एडिंबर्गचं चित्र नाशिकला कॅलेंडरछाप का होतं?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात लेकीकडे एडिंबर्गला राहून आले. तिथे पेन्सिलनं वही भरली, मोबाईलवर फोटो तर ढीगभर. आता घरी आर्थर्स सीटचा डोंगर जलरंगात करतेय आणि दर वेळी कॅलेंडरछाप होतोय. ड्रॉइंग ठीक आहे, कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड आहे. आमचे हे परवा म्हणाले, "पांडवलेणीचा डोंगर छान जमलाय." कुठे अडतंय?

रंगपेटी:
ताई, फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून समोर ठेवा आणि रंग आठवणीनं लावा. मोबाईल हिरवा-निळा फार भडक दाखवतो.

पंचवटीकर:
ताई, यजमानांचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका, नजर पक्की आहे त्यांची! आर्थर्स सीट हा विझलेला ज्वालामुखी, साधारण ३४ कोटी वर्षांचा. पांडवलेणी ज्यात कोरली तो बेसॉल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा. म्हणजे दोन्हीकडे दगड लाव्हाचाच, तसाच काळपट. फरक दगडात शोधाल तर सापडायचा नाही, तो उजेडात आहे.

नाशिक २० अक्षांशावर, एडिंबर्ग ५६ वर. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली. तिथे ऐन जूनमध्येही तो ५७-५८ अंशांच्या वर चढत नाही, आणि मावळायला रात्रीचे दहा वाजवतो. त्यात समुद्रावरचं धुकं. आपण गोदाघाटावर शिकलेली माणसं: उन्हासाठी कोरा कागद सोडायचा आणि शेजारी गडद सावली ठोकायची. नारोशंकराच्या देवळाला ते शोभतं. स्कॉटलंडात तीच सावली ठोकली की झालं पांडवलेणं.

असं करून बघा. अख्ख्या कागदावर यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) अगदी पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात द्या, आकाशापासून घरांपर्यंत, काही न सोडता. तो ओला आहे तोवरच मागचा डोंगर त्यात सोडा, कडा आपोआप विरघळेल. ट्यूबमधला काळा नको. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळा, करडा मिळेल. जुन्या घरांनाही तोच करडा, कारण तिथला वालुकाश्म कोळशाच्या धुरानं काळवंडलेला. गडद ठिपका एखादाच, तोही अगदी शेवटी.

आणि हा वॉश आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी करू नका. ब्रश उचलेपर्यंत कागद वाळतो. सकाळी लवकर बसा, पंखा बंद, कागद मागूनही भिजवून घ्या.

घरी येऊन रंगवणं कमअस्सल, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. इंग्रज चित्रकार टर्नर १८१९ मध्ये व्हेनिसला गेला तेव्हा मुख्यतः पेन्सिलीच्या वह्या भरून परतला. व्हेनिसचं तैलचित्र त्यानं प्रदर्शनात मांडलं ते १८३३ साली.

सातपूरचा_ब्रश:
काकांच्या मुद्द्याला जोड: जपानी चित्रकार हिरोशी योशिदाच्या शिडांच्या होड्या बघा, १९२६ ची ठसेचित्रं. लाकडी ठसे तेच ठेवून नुसत्या रंगांच्या फरकानं सकाळ, दुपार, धुकं, रात्र केलीय. हा गृहस्थ पुढे भारतात आला आणि अजिंठा-वेरूळचीही चित्रं करून गेला. परक्या मुलखात काय बघावं, ते त्याच्याकडून शिकावं.

गंगापूररोडकर:
काका, आज सकाळी पंखा बंद करून बसले. डोंगर मागे गेला एकदाचा! घामानं निथळले ती गोष्ट वेगळी. आता त्या डोंगरावरची पिवळी गॉर्सची झुडपं राहिलीत. आणि पुढच्या वेळी तैलरंग न्यावेत का?

पंचवटीकर:
पिवळ्यासाठी जागा आधीच राखा, करड्यावर पिवळा चढवलात तर शेवाळ दिसेल. राखायची राहिली असेल तर गवाशचा, म्हणजे अपारदर्शक जलरंगाचा, थोडा पिवळा घ्या. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्या. तैलरंगाचं म्हणाल तर तो पातळ करायचं टर्पेंटाइन विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेतही नाही नि चेक-इनमध्येही नाही. ते तिथेच विकत घ्या. नाहीतर जलरंगाची पेटी आहेच, पर्समध्ये मावते.