पाकिटावरची कँडी आणि कापसाची कँडी एकच का?

गुऱ्हाळ_सांगली
गुळाच्या छोट्या वड्यांच्या पाकिटावर इंग्रजीत ‘जॅगरी कँडी’ छापायचं चाललंय. कँडी हा शब्द आपल्या ‘खंड’वरून गेला म्हणतात, ते खरं का? आणि कापसाचा भाव कँडीवर सांगतात, ती कँडी कुठली? छपाईला द्यायच्या आत जाणकारांनी सांगावं.

शब्दवेध
खरं आहे, पण वाट लांबची. संस्कृतात खंड म्हणजे तुकडा, आणि त्यावरूनच साखरेचे खडे. फारसीतून तो अरबीत ‘कंद’ म्हणून गेला. पुढे ई लागून ‘कंदी’ झालं. आपण साताऱ्याचा तो सातारी म्हणतो, तशीच ही ई. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘शुगर कँडी’. म्हणजे कँडी मुळात विशेषण. पुढे शुगर गळाली आणि विशेषणच नाम होऊन बसलं. गळालेली शुगरसुद्धा आपली शर्कराच! शर्करा म्हणजे आधी रेती, बारीक खडे. आयुर्वेदात लघवीवाटे पडणाऱ्या खड्यांनाही शर्कराच म्हणतात. जॅगरीचं मूळही हेच, फक्त तो शब्द दक्षिणेतून पोर्तुगीजांच्या तोंडून गेला. तेव्हा ‘जॅगरी कँडी’त एकही शब्द मुळात परका नाही.

अडत_पेठ
कापसाची कँडी म्हणजे आपली खंडी, वीस मणांची. धातू तोच, खंड् म्हणजे तोडणे, पण इंग्रजीत हा शब्द वेगळ्या वाटेनं, व्यापारातून गेला. मण गावोगाव वेगळा, म्हणून खंडीही वेगळी. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणून तिथली साधी खंडी ५६० पौंड. रुईची, म्हणजे सरकी (बी) काढलेल्या कापसाची, मात्र ७८४ पौंड, म्हणजे ३५५.६२ किलो, आणि बाजारात आजही तीच चालते. कँडीचा भाव ३.५५६२ ने भागला की क्विंटलचा भाव निघतो. ५६,००० रुपये कँडी असेल, तर क्विंटलला साधारण १५,७४७. चूक होते ती पुढं: हा भाव रुईचा. लोक तो थेट सरकीसकट कापसाच्या भावाशी लावतात आणि व्यापाऱ्यानं लुटलं म्हणतात. कापसात रुई जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेल्यात बहुतेक सरकी, तिचे पैसे वेगळे धरावे लागतात.

शब्दवेध
आता पाकिटाचं. अमेरिकेत कँडी म्हणजे गोळ्या-चॉकलेटपर्यंत सगळा गोड खाऊ. ब्रिटनमध्ये त्याला स्वीट्स म्हणतात. तुमच्या वडीत गुळाशिवाय काही नसेल तर कँडी नको, गिऱ्हाईक चघळायची गोळी समजेल. सरळ ‘जॅगरी क्यूब्ज’ लिहा. सुंठ, वेलदोडा घालून चघळायलाच केली असेल तर कँडी चालेल. शब्दाचा जुना अर्थ तंतोतंत बसतो तो खडीसाखरेला: घट्ट पाकात दोरा सोडून, भांडं न हलवता दिवसचे दिवस ठेवलं की दोऱ्यावर मोठे स्वच्छ खडे धरतात. मध्येच हलवलं तर बारीक कणी पडते. ती विकायची झाली तर ‘रॉक कँडी’ बिनधास्त छापा.