बाटलीतले पाणी हलते ते बरेच आहे

न्यूमोनियानंतर फुप्फुसाभोवती पू साचल्याने लहान मुलाच्या छातीत नळी घातली असून तिला जोडलेल्या बाटलीतले पाणी सतत वर-खाली होते, म्हणून त्याची आई घाबरली आहे. पण ते हलणे ही नळी मोकळी असल्याची खूण आहे. नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात साधारण २ सेंटिमीटर बुडवलेले असते, त्यामुळे छातीतला पू आणि हवा बाहेर येते, मात्र बाहेरची हवा आत शिरत नाही. मूल श्वास घेते तेव्हा नळीतले पाणी चढते, सोडते तेव्हा उतरते. हे थांबले तर नळी मुडपली असेल, गुठळीने तुंबली असेल किंवा फुप्फुस पूर्ण फुलले असेल. नेमके काय, हे डॉक्टर तपासून आणि गरजेप्रमाणे एक्स-रे काढूनच ठरवतात. बुडबुडे अचानक सुरू झाले तर मात्र लगेच सिस्टरांना सांगावे.

बाटली उभी आणि छातीच्या पातळीखालीच हवी. नातेवाईक मुलाला कडेवर घेताना ती खाटेवर ठेवतात, तेव्हा बाटलीतले पाणी छातीकडे परत जाऊ शकते. नळीला आपल्या मनाने चिमटा लावू नये, कारण हवा येत असेल तर ती आत कोंडते.

दुखते म्हणून मुले उथळ श्वास घेतात. वेदनाशामक औषध वेळेवर मागून घ्यावे. माझ्या भाच्याला त्यानंतर साबणाचे फुगे फुंकायला दिले होते, आणि तो पहिल्यांदा खोल श्वास घेऊ लागला.