टीव्ही लावल्याशिवाय घास घेत नाही, बोलतो तेही कार्टूनचंच – काय करावं? (बडोदा)

दांडियाबाजारची_सून:
मुलगा 2 वर्षं 8 महिन्यांचा, मुलगी 7 वर्षांची. घरात मराठी, खाली पोरांमध्ये गुजराती, टीव्हीवर हिंदी. धाकट्याची दोन्ही जेवणं कार्टूनसमोर. बंद केलं की तोंड मिटून बसतो. स्वतःचं बोलणं "मम्मी पाणी" एवढंच, पण कार्टूनमधली लांब वाक्यं घडाघडा म्हणतो. संध्याकाळी 7 ते 9.30 सासूबाईंच्या मालिका असतात. मोठीला जाहिरातीतली प्रत्येक वस्तू हवी असते. रोज किती वेळ चालेल? एकदम बंद करू का? आणि तीन भाषांनी गोंधळ होतोय का?

बालविकास_रावपुरा:
आकडे आधी सांगते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या (आयएपी) सूचनांप्रमाणे 2 वर्षांखाली स्क्रीन नाहीच, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. 2 ते 5 वर्षं दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, 5 ते 10 वर्षं 2 तासांपेक्षा कमी. यात मोबाइलही धरायचा, हे बहुतेक घरांत सोयीस्करपणे विसरलं जातं.

पण ताई, तुमच्या घरी मी तास मोजण्यापासून सुरुवात करणार नाही. आधी जेवण आणि त्या मालिका. कोणी बघत नसलं तरी टीव्ही चालू असला की लहान मूल दर थोड्या वेळाने वर बघतं, हातातला खेळ अर्धवट सोडतं, आणि मोठी माणसं त्याच्याशी कमी बोलतात. मालिका त्याच्यासाठी नाहीत, पण ते अडीच तास त्याच्या खात्यात जमा होतातच.

जेवणाचं असं करा. जेवणाआधी दीड तास दूध, बिस्किट, फळाचा रस काही नाही. सगळ्यांबरोबर खाली बसवायचं, ताटात पाव पोळी आणि दोन चमचे वरणभात, बस. अजून हवं असेल तर मागू दे. 20-25 मिनिटांनी ताट उचलायचं. न रागावता, "झालं का? बरं," एवढंच म्हणायचं. पुढचं खाणं अडीच-तीन तासांनी. पहिले काही दिवस तो कमी खाईल आणि रडणं आधी वाढेल, मग उतरेल. फसतं ते इथेच: चौथ्या दिवशी आजी किंवा बाबा "उपाशी राहील हो" म्हणून मोबाइल पुढे करतात. म्हणजे जास्त वेळ रडलं की मिळतं, हे तो शिकतो. मग पुढचा आठवडा दुप्पट जड जातो. वजन आधीच कमी असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर हे करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

वाचाउपचार_बडोदा:
तीन भाषांनी बोलणं अडत नाही. शब्द मोजताना तिन्ही भाषांतले एकत्र मोजा. मराठी तोडून घरात हिंदी सुरू करा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

माझं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेलं. कार्टूनचं वाक्य पाठ म्हणणं आणि स्वतःची गरज बोलून सांगणं, ही दोन वेगळी कामं. या वयाला दोन-तीन शब्दांची स्वतःची वाक्यं यायला हवीत: "बाबा गाडी आण", "मला नको". ती दिवसभरात ऐकू येत नसतील तर वाट बघू नका, आधी कानांची तपासणी करून घ्या. हाक मारल्यावर वळतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, हे डॉक्टरांना नेमकं सांगा. सरकारी बाल आरोग्य कार्यक्रमात (आरबीएसके) जिल्हा केंद्रावर ही तपासणी मोफत असते. टीव्हीमुळे ऑटिझम होतो, असं मात्र मनावर घेऊ नका. बोलायची संधी कमी मिळते, हा खरा तोटा.

घरी रोज करायचं म्हणजे तो "पाणी" म्हणाला की तुम्ही "गार पाणी हवं?" म्हणून थांबायचं. मनात पाचपर्यंत मोजा. उत्तर तुम्हीच देऊन टाकू नका.

रिमोटवाला:
यंत्राचं सांगतो. यूट्यूबवर पुढचा व्हिडिओ आपोआप लागण्याची सोय, म्हणजे ऑटोप्ले, आधी बंद करा. त्याला शेवटच नसतो, म्हणून बंद करताना भांडण होतं. गूगल टीव्ही असेल तर मुलांचं वेगळं प्रोफाइल बनवून रोजची मर्यादा आणि झोपेची वेळ घालता येते. सेट-टॉप बॉक्सचा चॅनल लॉक लावाल तेव्हा आधी पिन बदला. कंपनीचा पिन बहुधा 0000 किंवा 1234 असतो, सात वर्षांच्या मुलीला तो दुपारपर्यंत सापडेल.

बंद करताना मिनिटं मोजण्यापेक्षा भाग संपताना करा. "हा भाग झाला की तूच बटण दाब."

जाहिरातींचं: चॅनलला तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिरातींची मुभा आहे. या वयात "हे मला वस्तू विकायला बघतायत" हे पुरतं कळत नाही, म्हणून नुसतं "नाही" म्हणून भागत नाही. आवाज बंद करून तिला विचारा, काय विकतायत आणि चांगलं दिसावं म्हणून काय काय केलंय?

दांडियाबाजारची_सून:
सगळ्यांचे आभार. पण सासूबाईंना सांगायचं कसं? संध्याकाळी त्यांना दुसरं काही नाही. हेडफोन आणून दिले तर?

बालविकास_रावपुरा:
हेडफोनने आवाज जाईल, चित्र राहील, तो तिथेच उभा राहील. बऱ्याच मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतात, ॲपवरही असतात. धाकटा दुपारी झोपतो त्या वेळेला त्यांची मालिका न्या. म्हणजे "बंद करा" म्हणावं लागत नाही, फक्त वेळ बदलते. आणि हे सुनेने नव्हे, मुलाने आईला सांगावं.

रिकाम्या झालेल्या संध्याकाळी सहानंतर आजी-नातू कमाटी बागेत जाऊ देत. बडोद्याच्या उन्हाळ्यात त्याआधी बाहेर पडणं शक्यच नाही, तेव्हा सकाळी सातचा तासही वापरा. दिवसाच्या उजेडात बाहेर खेळल्याने लांबचं कमी दिसण्याचा, म्हणजे मायनस नंबरचा, धोका कमी होतो. परत आल्यावर जेवण, आणि झोपेच्या आधी एक तास घरात कुठलाच पडदा चालू नको. दोन आठवडे एवढंच करा. मोठीचे तास त्यानंतर बघू, सगळं एकदम काढलंत तर दोन्ही पोरं एका बाजूला होतील.