मदत हवी आहे : घरी चार्जर लावला की लाल दिवा, गाडी चार्जच होत नाही

बोरीकाठ_अमळनेर
मार्च संपल्यापासून डोक्याला ताप झालाय. घरी चार्जर लावला की लाल दिवा, पुढे काहीच नाही. शोरूमवाले म्हणतात गाडी ओके, चार्जर ओके. त्यांच्याकडे लावला की मुकाट्यानं चार्ज होते. मग आमच्याच घरी काय होतं? पेट्रोलची गाडी विकून बसलोय, आता फक्त चार्जिंगसाठी धुळ्याला हेलपाटे. नाना सकाळी लाल दिवा बघतात आणि काही न बोलता स्टँडकडे चालू लागतात. आखाजी तोंडावर आलीय, बहिणीला नंदुरबारहून आणायचंय. लवकर सांगा. 'शोरूमला दाखवा' एवढं सोडून काहीही.

शिंदखेडा_बापू
दादा, पह्यले कोनती गाडी शे ते त सांग. चार्जर भिंतवरना शे का गाडीसंगे येल?

सूर्यपुत्र_जळगाव
रूफटॉप सोलर लावून टाका. पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, साक्रीला एवढा मोठा प्रकल्प उगाच नाही उभा केला. मी लावलंय, बिलाचं टेन्शनच गेलं.

निवृत्त_तारतंत्री
सूर्यपुत्र, त्यांचा चार्जर चालत नाहीये, बिलाचं कोण विचारतंय?
बोरीकाठ, हे सांगा : सॉकेट १६ अँपिअरचं आहे का? मधे एक्स्टेंशन बोर्ड आहे का? आधी याच जागी चार्ज होत होती का? लाल दिव्याच्या शेजारी कसलं चित्र आहे?

बोरीकाठ_अमळनेर
टियागो, मोठ्या बॅटरीवाली. गाडीसोबत आलेला चार्जर. सॉकेट १६चंच, पोर्चमधे, बोर्ड वगैरे काही नाही. हो, दिवाळीपासून इथंच चार्ज होत होती, रात्री लावली की सकाळी फुल. चित्र म्हणजे एकाखाली एक आडव्या रेघा, खाली लहान होत गेलेल्या.

निवृत्त_तारतंत्री
झालं की मग. ती अर्थिंगची, म्हणजे जमिनीला जोडलेल्या तारेची खूण. हे आधीच लिहिलं असतं तर वरची अर्धी पोस्ट वाचली असती. चार्जर आधी अर्थ तपासतो, मिळाला नाही की चार्जिंग सुरूच करत नाही. तो त्याचं काम चोख करतोय. मल्टिमीटरनं तीन रीडिंग घ्या : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. फेज म्हणजे करंट आणणारी तार, न्यूट्रल म्हणजे परत नेणारी. मीटर हाताळायची सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

भुसावळ_एक्सप्रेस
एवढ्या भानगडीत पडू नका. सॉकेट उघडायचं, न्यूट्रलमधून एक तुकडा अर्थच्या पिनला जोडायचा. पाच मिनिटांचं काम. चार्जरला वाटतं अर्थ आहे. माझं असंच चालू आहे, काही झालेलं नाही.

बोरीकाठ_अमळनेर
आमचा वायरमनही हेच म्हणाला होता. करू का?

निवृत्त_तारतंत्री
अजिबात करू नका!! एक्सप्रेस, तुमच्या घरी काही झालं नाही कारण अजून न्यूट्रल तुटलेला नाही. मे महिन्यात वादळ येतं, केळी आडव्या होतात, खांबावरचा जंपर, म्हणजे जोडतार, निघते. न्यूट्रल तिथं तुटला की घरात चालू असलेल्या पंख्या-फ्रिजमधून फेज उलटा न्यूट्रलवर येतो आणि तुमच्या त्या तुकड्यातून थेट गाडीच्या पत्र्यावर. टायर रबराचे, म्हणजे गाडी स्वतः जमिनीला टेकलेली नाही. जो दार उघडायला हात लावेल त्याच्यातून करंट जमिनीत जाणार. लहान पोरं असतात घरात.

भुसावळ_एक्सप्रेस
घाबरवायचं असेल तर काहीही सांगता येतं. अर्ध्या गावात असंच आहे.

निवृत्त_तारतंत्री
अर्ध्या गावात आहे हे मला माहीत आहे. मी तेच काढत फिरलोय नोकरीभर.

नाशिकची_सून
टियागो नंदुरबारला जाऊन परत येईल का एका चार्जमधे? ४४ डिग्रीत एसी लावून? मला तर शंका आहे. आम्ही माहेरी जाताना मधे हमखास थांबतो, शेवभाजी होते तोवर गाडी बऱ्यापैकी भरते. धुळ्याजवळ हायवेला चार्जरसकट चांगली शेवभाजी कुठं मिळते?

शिंदखेडा_बापू
रेल्वेथीन जाय ना भो. भुसावळ-सुरत लाईन अमळनेरमाईनच जास. बहीण बी खूश, एसी बी फुकट.

बोरीकाठ_अमळनेर
बापू, बहिणीसोबत दोन पोरं, पापड-कुरडयांचे डबे आणि आखाजीचा झोका टांगायला तिच्या सासऱ्यांनी दिलेली पाटी येणार आहे. रेल्वेत कसं नेऊ?
रीडिंग : फेज-न्यूट्रल २२८ व्होल्ट, फेज-अर्थ १७१, न्यूट्रल-अर्थ ५४.

निवृत्त_तारतंत्री
५४! दोन-तीनच्या आत पाहिजे. तुमच्या घराला अर्थिंग नावापुरतं आहे. अर्थिंगचा पाइप पुरलेला खड्डा कुठं आहे आणि त्यात शेवटचं पाणी कधी पडलं? आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाभोवती फट पडते, ओल गेली की अर्थही गेला. दिवाळीत चालत होतं कारण पावसाची ओल होती.

बोरीकाठ_अमळनेर
खड्डा कोणालाच आठवेना. शेवटी आईनं दाखवला. धुण्याच्या दगडाशेजारी होता, ती रोज बादलीतलं उरलेलं पाणी तिथंच ओतायची. नवी गाडी येणार म्हणून कंत्राटदारानं पोर्चला पेव्हर ब्लॉक घातले, दगड उचलून मागच्या दाराला नेला, खड्डा ब्लॉकखाली गेला. म्हणजे तेव्हापासून तिथं थेंब नाही. दोन ब्लॉक उचकटले तर पाइपाचं तोंड दिसतंय, भोवती बोट जाईल एवढी फट.

सूर्यपुत्र_जळगाव
म्हणूनच म्हणत होतो, सोलर लावताना अर्थिंगचे खड्डे नवीनच करतात.

निवृत्त_तारतंत्री
ही मात्र कामाची गोष्ट बोललात.
बोरीकाठ, आज संध्याकाळी मीठ टाकून सात-आठ बादल्या हळूहळू मुरवा. रात्री परत रीडिंग घ्या.

बोरीकाठ_अमळनेर
न्यूट्रल-अर्थ ६ वर आलं. हिरवा दिवा लागला, चार्जिंग चालू आहे. काका, खूप आभार. नाना दोनदा उठून बघून आले.

भुसावळ_एक्सप्रेस
पाणी वाळलं की परत लाल. बघाच.

निवृत्त_तारतंत्री
ते खरं आहे, हे तात्पुरतंच. मीठ पाइप खातं, तेव्हा हा उपाय कायमचा धरू नका. तांब्याचा थर दिलेला कॉपर बाँडेड रॉड, भोवती ओल धरणारी बेंटोनाइट माती, वर उघडता येईल असं झाकण. ब्लॉक परत बसवाल तेव्हा झाकणाची जागा सोडा. चार्जरसाठी मेनपासून वेगळी ४ स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर, वेगळी एमसीबी (जादा करंटला बंद होणारा स्विच) आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लगेच बंद करणारा स्विच). सॉकेट तासभर चार्जिंग झाल्यावर हाताला गरम लागलं तर तेही बदला. आणि नंदुरबारला बहिणीकडे लावण्याआधी तिथलं रीडिंग घ्या, मीटर गाडीतच ठेवा.

नाशिकची_सून
शेवभाजीचं कोणी सांगेल का?