अनुभव धागा : पाडव्याच्या रात्री आभाळात ‘ते’ दिसलं तेव्हा...

धागाकर्ता, जळगाव
२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. पावणेआठच्या सुमारास गच्चीवर विसरलेले पापड आणायला गेलो, तर पेटत्या रेघांची रांगच पूर्वेकडे निघालेली. आवाज काही नाही. शेजारच्या आजी ओरडल्या, “देख रे भाऊ, आभायले आग लागनी!”
नंतर कळलं, तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. तुम्ही काय पाहिलंत? आणि सरकारी माणूस कधी चौकशीला आला का? परग्रहवासी नकोत, ते व्हॉट्सॲपवर येऊन गेले.

केळीवाला, रावेर
बांधावर बसून बिडी पेटवली तेवढ्यात दिसलं. सातपुड्याच्या अंगाला विमान पडतंय असंच वाटलं. अर्धी बिडी होईस्तोवर दिसत होतं. गड्याने हात जोडले, मी मोटार बंद केली. का केली ते विचारू नका.

धागाकर्ता
दादा, अर्धी बिडी हाच खरा पुरावा! उल्का दोन-चार सेकंदांत संपते. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून उतरणारा रॉकेटचा सांगाडा सेकंदाला सात-आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवा येतो, म्हणून इतका वेळ दिसतो, आणि तुटत येतो म्हणून रेघाही अनेक. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेच सांगितलं होतं, की तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा.

निवृत्त रेल्वेवाला, भुसावळ
सवयीने वेळ आणि दिशा वहीत टिपली, पोलिसांना फोन लावला. पलीकडून उत्तर : “काका, पडलं की सांगा. वर आहे तोवर आमच्या हद्दीत नाही.” रागावलो, पण मुद्दा बिनतोड होता.

धुळेकर
माझी मावसबहीण सिंदेवाहीला दिलेली आहे. ती सांगते, कडं ठाण्यात आणून ठेवलं तेव्हा जत्राच भरली. व्यास साधारण तीन मीटर. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. बहिणीच्या शेजाऱ्याने आधी दोन रेघा सांगितल्या होत्या, पथक आलं तोवर त्या सात झाल्या.

चोपडा
मी पुरणपोळी खाऊन झोपलो होतो. आजतागायत घरात ऐकून घेतो.

शहादा
जरा वेगळं. आमच्या पपईत एकदा पांढरा थर्माकोलचा डबा सापडला, दोरीला फुग्याचं फाटकं रबर. गावाने बॉम्ब ठरवला. पोलीस, तलाठी, पंच सगळे लांब उभे. शेवटी पोलीस पाटलांच्या नातवाने जवळ जाऊन लेबल वाचलं : हवामान खातं. फुगा तीसेक किलोमीटर वर जाऊन फुटतो, यंत्र खाली येतं. तरी पंचनामा झालाच. त्यात डब्यापुढे ‘अज्ञात वस्तू’ असंच लिहिलंय, लेबल वाचल्यावरसुद्धा!

केळीवाला, रावेर
ते कडं माझ्या वावरात पडलं असतं तर भरपाई कोणाकडे मागायची?

धागाकर्ता
१९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. जमिनीवर नुकसान झालं तर रॉकेट सोडणारा देश जबाबदार. दावा आपल्या सरकारमार्फत, वर्षाच्या आत.

केळीवाला, रावेर
चीनचं राहू द्या. मागच्या वादळाचा पीकविमा अजून यायचाय.